‘झालं’ म्हणेपर्यंत हलायचं नाही

आमच्या गल्लीत एक कुजबूज होती. ती करणाऱ्यांपैकी निम्मे वर गेले आणि उरलेल्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे आता मोठ्याने सांगायला हरकत नाही. कुजबूज अशी, की फोटोवाला झोपेच्या गोळ्या खातो. एक-दोन नव्हे, मूठभर. तेही दिवसाढवळ्या. आणि त्या गोळ्यांनीच तो गेला.

ही बातमी फोडली कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने. त्याला आम्ही ‘कुलूप’ म्हणायचो, कारण त्याच्या तोंडाला ते नव्हतं. कोणाला मूळव्याध झाली, कोणाची सून कसली तपासणी करून आली, सगळं त्याच्या काउंटरवर कळायचं. फोटोवाल्याची चिठ्ठी पहिल्यांदा हातात आली तेव्हा दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती. कुलूप चिठ्ठी उजेडात धरून म्हणाला, “एवढ्या? अहो, हत्ती झोपवायचाय का?”

फोटोवाला म्हणाला, “नाही, मला उभं राहायचंय.”

गिऱ्हाईकं हसली. तो मात्र खरंच सांगत होता.

माझं फ्रेमचं दुकान त्याच्या स्टुडिओच्या बरोबर खाली. तो वर फोटो काढायचा, मी खाली त्यांना काच लावायचो. स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर दोन रंगवलेले पडदे: एकावर कुठेच न जाणारा जिना, दुसऱ्यावर तळं आणि त्यात मान प्रमाणाबाहेर लांब असलेला हंस. आरशाला दोरीने बांधलेला कंगवा, कारण आधीचे पाच लोकांनी पळवले. मध्ये गोल फिरणारं स्टूल. त्यावर बसलेल्याची हनुवटी फोटोवाला दोन बोटांनी एवढीशी खाली करायचा, मागे सरायचा आणि म्हणायचा, “हलू नका.” मग बटण दाबायचं, आणि मग “झालं!” ते ‘झालं’ तो असा काही म्हणायचा की समोरच्याचे खांदे आपोआप खाली यायचे. खालून मला फक्त ते ‘झालं’ ऐकू यायचं. त्यावरून मी ओळखायचो, की आता गिऱ्हाईक जिना उतरेल.

माणूस लबाड होता, पण गोड लबाड. फोटोतले तीळ, मस, देवीचे व्रण ब्रशच्या टोकाने असे पुसायचा की लग्नाच्या बाजारात त्याच्या हाताला फार भाव. एकदा एका मुलाचा बाप भांडायला आला. “फोटोत मुलीला तीळ नव्हता, प्रत्यक्षात गालावर हा एवढा!” फोटोवाला शांतपणे म्हणाला, “तुमच्या चिरंजिवांचं टक्कलसुद्धा फोटोत नव्हतं. मुलीकडचे आले का भांडायला?” बाप खाली येऊन माझ्याकडून फ्रेम घेऊन गेला. ते लग्न झालं, टिकलंही.

स्वतःचं लग्न मात्र त्याने केलं नाही. घरात मोठी बहीण, आक्का. आई लवकर गेल्यावर तिनेच याला वाढवलं, मग नवऱ्याच्या घरी गेली, आणि नवरा वारल्यावर परत आली. ती याला ‘धाकट्या’ म्हणायची. पन्नाशीला आलेल्या माणसाला भर गिऱ्हाइकांत “धाकट्या, नाक पूस” म्हणायला ती कमी करायची नाही.

आक्काची एक कीर्ती होती आणि ती इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तिचा नवरा पक्का दारुडा. तिने भांडण केलं नाही, बाटल्या फोडल्या नाहीत. रोज त्याच्या बाटलीतला एक घोट काढायचा आणि तेवढा गार कोरा चहा ओतायचा. रंग तोच. महिन्यांमागून महिने गेले. शेवटी तो गृहस्थ रोज संध्याकाळी पेला भरून गार चहा पीत होता आणि झिंगल्यासारखी गाणी म्हणत होता. मग एक दिवस त्याचं त्यालाच हसू आलं आणि दारू सुटली. पुढे तो कावीळ होऊन गेला तो गेलाच, पण आक्का छाती पुढे काढून सांगायची, “शुद्धीत गेला माझा माणूस.” अख्ख्या गल्लीत दारू सोडवायची असली की बायका आक्काचा सल्ला घ्यायच्या. ती फी म्हणून फक्त बातम्या घ्यायची.

फोटोवाल्याचं दुखणं पाठीपासून सुरू झालं. “कोणीतरी आत फळी ठोकलीय,” म्हणायचा. मग पोटही लाकडासारखं झालं. छाती पुढे, कंबर आत, मान ताठ. लोक म्हणाले, ताठा चढला याला. मग एके दिवशी वर टेलिफोन खणाणला आणि पाठोपाठ धप्प! मला वाटलं कपाट पडलं. धावत गेलो तर हा पालथा. हात अंगाशी चिकटलेले, नाकातून रक्त. माणूस पडताना हात पुढे टाकतो ना? याने टाकले नव्हते. सरळ ओंडका पडावा तसा पडला होता. आणि पूर्ण शुद्धीत होता. दात आवळून म्हणाला, “दादा, फोन घे. पासपोर्टवाले असतील.”

तेव्हापासून अचानक आवाज आला की त्याचं अंग गच्च व्हायचं आणि सुटायला बराच वेळ घ्यायचं. कुत्रं भुंकलं, भांडं पडलं, कोणी मागून पाठीवर थाप मारली, की झालाच पुतळा. रस्ता ओलांडणं तर त्याहून अवघड. भिंतीला बोट लागलेलं असेपर्यंत चालायचा. भिंत संपली, समोर मोकळा रस्ता आला, की पाय जमिनीला खिळायचे. गल्लीतली पोरं त्याला ‘स्टॅच्यू’ म्हणायला लागली. सगळीच पोरं तो खेळ खेळतात, कोणी ‘स्टॅच्यू’ म्हटलं की आहे तसं थांबायचं. हा न खेळताच थांबायचा. आयुष्यभर दुसऱ्यांना ‘हलू नका’ सांगितलंस, आता भोग, असं मीही त्याला चिडवायचो. तो हसायचा. पण हसतानाही बेताने, हसण्यानेसुद्धा पोट आवळायचं म्हणून.

बरेच डॉक्टर करून झाले. एक म्हणाला मणका, दुसरा म्हणाला मन. तिसऱ्याने विचारलं, “घरात बाईमाणूस?” हा म्हणाला, “बहीण.” तो म्हणाला, “मग बरोबर आहे.” दोन-तीन वर्षं अशी गेली. तोवर आम्ही जगायची रीत बसवली होती. मी खिळा ठोकण्याआधी लाकडावर तीनदा हळू टकटक करायचो, म्हणजे वर त्याला कळायचं, आता ठोकाठोक होणार. सांगून आलेला आवाज त्याला त्रास देत नसे. जिना चढणारा खोकायचा. आक्का तर पहिल्या पायरीपासून बडबडत यायची, “मी येतेय रे, मीच आहे, दुसरं कोणी नाही, हातात ताटली आहे, ती ठेवतेय, ठेवली.”

शेवटी मोठ्या शहरातली एक डॉक्टरीणबाई भेटली. मेंदूची. तिने याचं सगळं ऐकून घेतलं, मग बोलता बोलता टेबलावर मुद्दाम फाईल आपटली, आणि तो कसा गच्च होतो ते पाहून तिनेच त्याचा हात धरला. “माफ करा,” म्हणाली, “पण कळलं मला.” रक्त तपासून पक्कंही केलं.

तिने जे सांगितलं ते त्याने मला स्टुडिओतल्या स्टुलावर बसवून सांगितलं, तसंच सांगतो. आपल्याला वाटतं मेंदू फक्त हुकूम सोडतो, हात उचल, पाय टाक. पण त्याचं तितकंच मोठं काम म्हणजे थांबवणं. एक स्नायू आवळला की त्याच्या समोरच्याला ‘तू सैल हो’ म्हणावं लागतं. एक आवाज आला की ‘काही नाही, भांडं पडलं’ म्हणून अंगाला गप्प करावं लागतं. हा ‘पुरे’चा निरोप नेणारं एक रसायन असतं, त्याचं नाव गाबा. याच्या अंगातली रोगांशी लढणारी फौज फितूर झाली होती आणि ते रसायन तयार करणाऱ्या यंत्रणेवरच धावून जात होती.

“म्हणजे असं बघ दादा,” तो म्हणाला, “माझ्या आत ‘हलू नका’ म्हणणारा आहे. ‘झालं’ म्हणणारा कामावर येत नाही.”

“आणि गोळ्या?”

“गोळ्या नवीन गाबा करत नाहीत. जो थोडाफार उरलाय, त्याचा आवाज मोठा करतात.”

म्हणून त्या एवढ्या लागायच्या. तुम्ही-आम्ही तेवढ्या घेतल्या तर दोन दिवस उठणार नाही. तो घ्यायचा आणि जिना उतरून माझ्या दुकानात बसायचा. बरा झाला नव्हता. बरं होण्यासारखं ते नव्हतंच, बाईने स्पष्ट सांगितलं होतं, की हळूहळू वाढतच जाणार. पण माझ्या दंडाला धरून रस्ता ओलांडायचा, दिवसाला चार-पाच फोटो काढायचा. त्याला एवढंच हवं होतं. बिछान्यावर पडून राहायचं नाही, कॅमेऱ्यामागे उभं राहायचं, जमेल तितके दिवस.

आता आक्का. डॉक्टरीणबाईकडे तीही गेली होती. बाकीचं तिच्या डोक्यावरून गेलं, पण शेवटचं वाक्य तिने घट्ट पकडलं. बाई म्हणाल्या होत्या, “या गोळ्या आता सोडता येणार नाहीत. अचानक तर मुळीच नाही.”

सोडता येणार नाहीत! हे वाक्य आक्काने आधी ऐकलेलं होतं. नवऱ्याच्या तोंडून, रोज संध्याकाळी. तिच्या दृष्टीने शिकलेल्या बाईने तोंडाने कबूल केलं, की हे व्यसन आहे. त्यात कुलूपच्या काउंटरवरची कुजबूज होतीच. बायका तिला विचारायच्या, “आक्का, दुसऱ्यांच्या सोडवता, आणि तुमच्या घरातच?” हा टोमणा तिला फार लागला. मी तिला एकदा समजवायला गेलो तर म्हणाली, “तुम्ही काचा पुसा.”

फोटोवाल्याच्या हातांना पाकिटाचा तो चकचकीत कागद फाडणं जमायचं नाही, म्हणून आक्काच गोळ्या सोडवून एका काचेच्या बाटलीत भरायची. छोट्या, पिवळ्या गोळ्या. आणि पोटुशी बायकांना रक्तवाढीसाठी देतात त्याही गोळ्या छोट्या आणि पिवळ्याच असतात.

शाळेच्या वार्षिक फोटोच्या आधीच्या आठवड्यात आक्का भलतीच खुशीत होती. जिन्यात गुणगुणायची. मी विचारलं, “काय आक्का, लॉटरी लागली का?”

“आठवडा जाऊ द्या,” म्हणाली, “मग एक गंमत सांगते. तो तुमचा कुलूप तोंडात बोट घालेल.”

मला वाटलं कोणाची तरी सोयरीक जमवतेय.

शाळेचा फोटो हे त्याचं वर्षातलं मोठं काम. मैदानावर बाकांच्या रांगा, पुढे बसकी पोरं, मध्ये मास्तर, मागे बाकावर उंच पोरं, आणि समोर टेबलावर कॅमेरा लावून हा. त्या दिवशी दुकान बंद ठेवून मी त्याच्याबरोबर गेलो, कारण मैदान म्हणजे मोकळी जागा, आणि दंडाला धरायला कोणीतरी हवं. मला तो दोन दिवसांपासून बरा दिसत नव्हता. घाम येत होता, बोटं थरथरत होती. म्हणाला, “दादा, या गोळ्या बोथट झाल्यात बहुतेक. हा फोटो झाला की बाईंकडे जाऊ.”

“आजच जाऊ.”

“पोरांनी केस विंचरलेत रे. दरवर्षी एकदाच विंचरतात.”

मैदान पार करायला आम्हाला इतका वेळ लागला की मास्तर दोनदा घड्याळ बघून गेले. शाळेची घंटा वाजवायची नाही असं आधीच बजावून ठेवलं होतं. मी आणि शिपाई, दोघांनी त्याला टेबलावर चढवलं. वर गेल्यावर मात्र जुना फोटोवाला दिसला. “ए, दुसऱ्या रांगेतला खांब, थोडा डावीकडे. मास्तर, पोट आत, पालक बघणार आहेत.” पोरं खदखदली. मग त्याने लांब वायरीचं बटण मुठीत घेतलं.

“मी ‘झालं’ म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही. हलू नका.”

अख्खी शाळा गप्प झाली. आणि दुसऱ्या रांगेत एक पोर शिंकलं.

बस, एवढंच. असल्या शिंका त्याने गेल्या वर्षी पचवल्या होत्या, माझे हातोडे पचवले होते. या वेळी सगळं अंग एकदम आवळलं, मूठही आवळली, आणि तो टेबलावरून मागे गेला. हात अंगाशी तसेच. मी धरायला गेलो, तर माझ्या हातात नुसती वायर आली.

मला जे दिसलं ते अजून दिसतं. पोरं हलली नाहीत. रांगा तशाच, मास्तर पोट आत घेऊन तसेच. तो ‘झालं’ म्हणाला नव्हता ना.

दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर, डोळे लाल, पण माणूस चांगला. फोटोवाल्याचं अंग सुटत नव्हतं. एक पेटका ओसरायच्या आत दुसरा यायचा. आक्का धावत आली होती, कमरेला बटव्यात बाटली आणि चिठ्ठी. डॉक्टरने विचारलं, “या गोळ्या वेळेवर घेतो? एखादी चुकवली?”

आक्का म्हणाली, “एकही चुकवत नाही.”

खोटं नव्हतं ते. डॉक्टरने चिठ्ठीवरचा आकडा पाहिला आणि थबकला. एवढ्या गोळ्या अंगात असताना वर तेच इंजेक्शन जास्त दिलं तर श्वास थांबेल, अशी त्याला भीती. त्याने थोडंसं दिलं आणि मोठ्या शहरात फोन लावायला गेला. डॉक्टरीणबाई तपासणीत होत्या, संध्याकाळी बोलतील असं कळलं.

आक्का उशाशी बसून याच्या कपाळावरचा घाम टिपत होती. तिने हे सगळं आधी पाहिलेलं होतं. घाम, थरथर, दात आवळणं. नवऱ्याची दारू सुटत आली तेव्हा शेवटी शेवटी त्यालाही थोडं असंच झालं होतं. ती याच्या कानाशी म्हणत होती, “सोस रे राजा, आता थोडंच राहिलंय. सुटतंय. सुटतंय बघ.” मला वाटलं, ती धीर देतेय.

तो दातांतून म्हणाला, “आक्का, गोळी.”

तिने बाटली उघडली आणि दिली. मी पाण्याचा पेला धरला.

छातीचे स्नायू एकदा आवळले ते सुटलेच नाहीत. खिडकीत अजून ऊन होतं. डॉक्टरीणबाईंचा फोन त्यानंतर आला.

तेरा दिवस झाल्यावर आक्का माझ्या दुकानात आली. येताना बोलली नाही, त्यामुळे मीच दचकलो. काउंटरवर तिने गोळ्यांची पाकिटं ठेवली, न फोडलेली, रबर लावून. विचारलं, “यांचं काय करायचं असतं?”

मी एक पाकीट उलटून पाहिलं, फोटोवाल्याच्याच गोळ्या. ती मग सगळं सांगत गेली, एखाद्या दुसऱ्याच बाईची गोष्ट असावी तशी. “पहिले तीन-चार दिवस तर त्याला काहीसुद्धा झालं नाही हो. जिना उतरला, चार फोटो काढले, जेवला. मी म्हटलं, बघा, नुसत्या रक्तवाढीच्या गोळ्यांवर हिंडतोय, म्हणजे सगळं मनाचंच होतं. आठवडा झाला की त्यालाच सांगणार होते, तोही हसला असता.” पुढे मला कळलं, की ते औषध अंगातून हळूहळू उतरतं. ते तीन-चार दिवस तो जुन्याच गोळ्यांच्या उरल्यासुरल्या जोरावर उभा होता.

मी म्हणालो, “यजमानांच्या वेळी तुम्ही हळूहळू केलं होतंत.”

“दारूत चहा ओतता येतो,” ती म्हणाली. “गोळीत काय ओतणार? म्हणून सगळीच बाटली बदलली.”

पाकिटं तिने परत बटव्यात टाकली. दारात थांबून तिने विचारलं, “डॉक्टरला तेव्हाच सांगितलं असतं तर?”

तर त्याने इंजेक्शन पुरतं दिलं असतं. मी काच पुसत राहिलो.

गल्लीतल्या बायका तिला म्हणायच्या, “शेवटी त्या गोळ्यांनीच घात केला हो.” ती मान हलवायची. कोणालाही तिने काही सांगितलं नाही, आणि दारू सोडवायचा सल्ला पुन्हा कोणाला दिला नाही. विचारलं तर म्हणायची, “मला त्यातलं कळत नाही.” स्टुडिओ बंद झाला. हंसाचा पडदा तिने कापून गाद्यांचे अभ्रे शिवले. ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

शाळेचा तो फोटो मीच चौकटीत बसवला. मूठ आवळली तेव्हा बटण दाबलं गेलं होतं. फोटो लख्ख आलाय. सगळी पोरं स्थिर. दुसऱ्या रांगेतलं एकच तोंड पुसट आहे.

तर ती कुजबूज. फोटोवाला गोळ्यांनी गेला नाही. गोळ्या अचानक बंद झाल्या म्हणून गेला. त्याच्या बहिणीने त्या बदलल्या होत्या, आणि त्याला ते माहीत नव्हतं.